पाया खचला की जमीन फुगली? परभणीच्या काळ्या मातीतली पायादुरुस्ती

परभणीच्या वसमत रस्त्यावर, जिंतूर रस्त्यावर किंवा गंगाखेडच्या वाटेवरच्या नव्या वसाहतींत मे महिन्यात फिरलं, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग कुठे ना कुठे दिसतेच. श्रावणात ती मिटते, पण मधल्या खोलीचा दरवाजा चौकटीत अडकायला लागतो. दिवाळीच्या रंगकामात गवंडी भेगेत सिमेंट भरतो, वरून पुट्टी मारतो आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग दोन बोटं बाजूला सरकून पुन्हा उघडते. घरमालक म्हणतो, पाया खचला. शेजारी म्हणतात, कॉलम घ्यायला पाहिजे होते. ठेकेदार म्हणतो, पाया खालून नवा भरून देतो. एवढ्यात निम्मा पैसा चुकीच्या कामाला लागायची तयारी झालेली असते.

कारण परभणीतली बहुसंख्य तडकलेली घरं नुसती खाली जात नाहीत, ती खालीवर होतात. जगभर प्रचलित असलेल्या पायादुरुस्तीच्या बहुतेक पद्धती खाली जाणाऱ्या घरासाठी घडल्या. भार जास्त, जमीन कमकुवत, म्हणून भार खालच्या भक्कम थराला नेऊन टेकवायचा, हा त्यांचा हिशोब. इथे जमीन कमकुवत नाही, चंचल आहे. त्यामुळे कोणती पद्धत चांगली, याचं उत्तर पद्धतींच्या जाहिरातपत्रकात मिळत नाही. ते घर कोणत्या दिशेने आणि कोणत्या महिन्यात हलतं, यावर ठरतं.

ही काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे आपल्या फटींत पाणी ओढून घेतात आणि एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. शेतकऱ्याला हा गुण हवाच असतो. रब्बीची ज्वारी पावसाची वाट न बघता जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी मोती’ हे वाण याच ओलीच्या भरवशावर उभं राहतं. उन्हाळ्यात त्याच शेतात पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत सहज जातो. ऋतूप्रमाणे ओल बदलणारा हा थर भारतातल्या खोल काळ्या जमिनींत साधारण साडेतीन मीटरपर्यंत धरतात. त्याच्या आत टेकलेला पाया जमिनीबरोबर हलणारच.

ही माती किती फुगणारी आहे, हे कळायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागातली चाचणी बघण्यासारखी आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती घ्यायची. तेवढीच दुसरी घ्यायची. १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत टाकायची, एकीत रॉकेल भरायचं, दुसरीत शुद्ध पाणी. हवेचे बुडबुडे काढून दोन्ही नळ्या २४ तास ठेवून द्यायच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तळाशी आहे तेवढीच बसते. पाण्यातली माती मात्र वर चढत जाते. रॉकेलच्या नळीत १० खुणेवर आणि पाण्याच्या नळीत २० खुणेवर माती दिसली, तर मुक्त फुगवटा १०० टक्के. मानकाप्रमाणे ५० टक्क्यांच्या आतली माती कमी धोक्याची, १०० ते २०० ची जास्त आणि त्यापुढची अतिशय जास्त धोक्याची. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मृदा प्रयोगशाळांत ही चाचणी होते. नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंहजी महाविद्यालय परभणीकरांना त्यातल्या त्यात जवळचं. घराला पाच-सात लाखांचा खर्च काढणाऱ्या माणसाने आधी हा किरकोळ खर्च करावा, यात वाद नसावा. प्रत्यक्षात फारच थोडे करतात.

दुसरा आकडा दाबाचा. एकमजली घराच्या भिंतीचा भार पायाखालच्या मातीवर चौरस मीटरला साधारण ५ ते ८ टन येतो. काळ्या मातीला फुगू दिलं नाही, तर ती चौरस मीटरला १० टनांहून अधिक दाब सहज देते. काही ठिकाणी याच्या कितीतरी पट. म्हणजे हलकं घर मातीवर बसत नाही, पाण्यावरच्या होडीसारखं तिच्या चढउताराबरोबर जातं. तीन-चार मजली इमारतीला भेगा कमी आणि शेजारच्या बैठ्या घराला जास्त, या नेहमीच्या कोड्याचं एक कारण हेच आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या गावांना हे कोडं पडलं नाही, कारण त्यांनी जागाच वेगळी धरली. शेत काळीत आणि घर पांढरीत, ही वाटणी होती. गावठाणाची पांढरी म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीने साचलेली, राखमिश्रित, कमी फुगणारी उंचवट्याची माती. तिथल्या माळवदाच्या घराचं वजन दगडावर टेकवलेल्या लाकडी खांबांवर असे, भिंत नुसती भरलेली. एखादा खांब बोटभर खाली गेला तर खण किंचित वाकडा व्हायचा, पण घर मोडत नव्हतं. हेच घर भूकंपात जीवघेणं ठरतं, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीने दाखवलं, तो भाग वेगळा. पांढरीलाही स्वतःची खोड आहे. धान्य साठवायची जुनी पेवं जमिनीखाली तशीच राहून गेली आहेत. विस्मरणात गेलेल्या पेवावर नव्या घराचा कोपरा आला, तर तो खरोखर खचतो. अशा वेळी काळ्या मातीचे सगळे सिद्धान्त बाजूला ठेवून पोकळी भरावी लागते.

गाव वाढलं, शहर वाढलं, एनए प्लॉट काळीत पडले आणि विटा-सिमेंटची ताठ भिंत त्या जमिनीवर आली. तिला वाकता येत नाही. ती तडकते.

हे दुखणं फक्त इथलं नाही. डी. अर्ल जोन्स आणि वेस्ली होल्ट्झ या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९७३ मध्ये हिशोब मांडला, की फुगणाऱ्या मातीमुळे अमेरिकेत दरवर्षी २३० कोटी डॉलरचं नुकसान होतं. पूर, वादळं आणि भूकंप यांच्या एकत्रित नुकसानीच्या दुपटीहून ते जास्त होतं. इंग्लंडमध्ये लंडन परिसराच्या चिकणमातीने १९७६ च्या दुष्काळात तोच धडा दिला. तिथल्या घरविम्यात जमीन खचण्याचा समावेश १९७१ पासून झालेला असल्यामुळे दाव्यांचा पाऊस पडला आणि सरसकट पाये खोल करण्याची लाट आली. पुढे तिथल्याच अभियंत्यांना कळून चुकलं, की यातली बरीच कामं अनावश्यक होती. जवळचं झाड, गळकी मोरी आणि कोरडा उन्हाळा यांचा बंदोबस्त करून वर्षभर नुसतं मोजत राहिलं असतं, तरी पुष्कळ घरं वाचली असती. हा इतिहास परभणीच्या माणसाने जरूर वाचावा. चूक दुसऱ्याच्या पैशाने झालेली आहे, शिकायला फुकट मिळते.

मोजायचं कसं? गवंड्याच्या पिशवीत त्याचं साधन असतंच. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक दिवाणखान्याच्या भिंतीवर ठरवलेल्या खुणेशी धरायचं, दुसरं टोक घेऊन एकेका खोलीच्या चारही कोपऱ्यांत जायचं. पाणी जिथे स्थिर होईल तिथपासून खालच्या फरशीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि घराच्या कागदी नकाशावर त्या जागी लिहायचं. तासाभरात घराचा चढउतार कागदावर येतो. हेच मे अखेरीस, सप्टेंबरात आणि जानेवारीत केलं की दिशा कळते. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवून ठेवतात. भेग हलली की काच तडकते. पेन्सिलने भेगेच्या टोकाला तारीख घातली तरी काम भागतं. भेगेच्या रुंदीलाही अर्थ आहे. इंग्लंडच्या इमारत संशोधन संस्थेच्या वर्गवारीत ५ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगरंगोटीचा विषय मानतात, ५ ते १५ ची दारं-खिडक्या अडकवणारी, १५ ते २५ ची गंभीर आणि २५ च्या पुढे इमारतीच्या स्थैर्याचा प्रश्न.

आकडे हाती आले की तीन चित्रं निघतात. घराची मधली फरशी उचललेली, कडेचे कोपरे खाली आणि भिंती बाहेर कललेल्या, तर समजावं, की घराने झाकलेल्या जमिनीतून बाष्पीभवन बंद झालंय, वर्षानुवर्षं ओल साचलीय आणि मध्य फुगलाय. पावसाळ्यात कडा वर आणि उन्हाळ्यात खाली, तर दोष भोवतालच्या पाण्याचा. एकच कोपरा सतत, बाराही महिने खालीच जातोय, तर तिथे बुजवलेला आड, नाला, पेव, वीटभट्टीचा खड्डा किंवा फुटलेली पाइपलाइन शोधावी. खऱ्या अर्थाने खचणं म्हणतात ते एवढंच.

चौथी शक्यता अलीकडे चर्चेत आली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच, आणि दोन्ही परभणीत जाणवले. धक्क्यानंतर लोक पहिल्यांदाच भिंतींकडे निरखून बघतात आणि पाच वर्षांपूर्वीची भेग भूकंपाच्या खात्यावर जाते. भूकंपाची भेग एका क्षणात पडते आणि तिथेच थांबते. मातीची भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते.

आता उपचार. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपचार पाण्याचा. छताचं पाणी पन्हाळीने आणून पायाशीच सोडलेलं असतं, नहाणीची मोरी भिंतीला खेटून वाहते, हौद गळतो, दाराशी केळी आणि कर्दळ लावलेली असते. छताचं पाणी पाइपने घरापासून लांब नेणं, गळके जोड बदलणं आणि जोत्याभोवती दीड ते दोन मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतरती फरसबंदी करणं, एवढ्याने कडेच्या जमिनीचा चढउतार पुष्कळ कमी होतो. फरसबंदीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि तिच्या बाहेरच्या कडेला तोच कागद मीटर-दीड मीटर उभा गाडला, तर ओल आडवी आत-बाहेर करणंही मंदावतं. अट एकच. भिंत आणि फरसबंदी यांच्यातला सांधा डांबराने किंवा सीलंटने बुजवलेला हवा. तो उघडा राहिला तर सगळं पाणी नेमकं पायातच उतरतं. परभणीत हाच सांधा बहुतेक ठिकाणी उघडा असतो.

इथे एका चांगल्या योजनेचा दुष्परिणाम सांगणं भाग आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून गाजलेले शोषखड्डे मराठवाडाभर पसरले. गटारं गेली, डास कमी झाले, भूजलाला हातभार लागला. पण काळ्या जमिनीच्या अरुंद प्लॉटवर तोच खड्डा भिंतीपासून तीन-चार फुटांवर खणला, तर पायाच्या एका बाजूला बारमाही ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असा प्रकार होतो. घर त्या खड्ड्यापासून दूर कलायला लागतं. खड्डा घेऊच नये असं नाही. तो प्लॉटच्या टोकाला, शक्यतो मुरुमापर्यंत खोल घ्यावा. झाडांचं उलट आहे. निंब, पिंपळ, निलगिरी उन्हाळ्यात मुळांवाटे पाणी ओढतात आणि त्या बाजूचा कोपरा बसतो. मोठं झाड एकदम तोडलं, की त्याने सुकवलेली जमीन पुढची काही वर्षं फुगत राहते. त्यामुळे तोडण्यापेक्षा छाटणी करत राहणं शहाणपणाचं.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलसच्या आसपास, लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपत्या नळ्या टाकून जमीन मुद्दाम ओली ठेवतात. तर्क बिनचूक आहे. चढउतार नको तर ओल स्थिर ठेवा. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकरची वाट बघतात, तिथे पायाला पाणी घाला असं सांगायची कुणाची हिंमत व्हायची नाही आणि होऊही नये.

फरशी फुगण्याचं एक कारण घरमालकाच्या डोळ्यांदेखत घडलेलं असतं. पायासाठी खणलेली काळी माती ट्रॉलीने बाहेर नेण्याऐवजी जोत्याच्या आतच भरायची, वर चार बोटं मुरूम टाकायचा आणि फरशी बसवायची. वाहतूकही वाचते, भरावही होतो. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत मधली फरशी पोटासारखी वर येते, आतल्या आडभिंती तडकतात आणि लोक बाहेरच्या पायाला दोष देतात. इथे पायाला हातसुद्धा लावायची गरज नसते. फरशी काढून दोन-तीन फूट काळी माती उपसायची, मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मसने ठोकून भरायचा आणि फरशीचा थर भिंतीपासून सुटा ठेवायचा. मुरुमाच्या थराचं हे शास्त्र मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात पक्कं केलं. काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरं फुटत होती. न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर मध्ये दाबून घातला की खालचा फुगवटा वर पोचत नाही, हे त्यांनी दाखवलं आणि कालव्यांच्या अस्तराच्या भारतीय मानकात ते आलं. धुऊन गेलेला, नुसता खडीसारखा मुरूम मात्र चालत नाही. त्यातून पाणी थेट खाली जातं.

पीसाच्या मनोऱ्याची आठवण इथे अस्थानी नाही. कललेली बाजू वर उचलण्याऐवजी जॉन बर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २००१ या काळात उंच राहिलेल्या बाजूखालची माती तिरक्या भोकांतून थोडी थोडी काढली. मनोरा वरच्या टोकाला ४० सेंटीमीटरहून अधिक मागे आला. जे वर आलंय त्याखालचं काढून घेणं हे जे खाली गेलंय ते उचलण्यापेक्षा पुष्कळदा सोपं असतं. परभणीच्या फुगलेल्या फरशीलाही तोच नियम लागू.

चुन्याचा उपाय जुना आणि रस्तेवाल्यांच्या हातचा. काळ्या मातीत वजनाच्या ४ ते ६ टक्के चुना नीट मिसळला, की तिचा चिकटपणा आणि फुगणं दोन्ही कमी होतात. प्रश्न मिसळण्याचा आहे. रस्त्यावर माती उकरून चुना कालवता येतो, उभ्या घराखाली कसा कालवणार? म्हणून पायाच्या कडेने भोकं पाडून चुन्याची निवळी दाबाने सोडतात. ती घट्ट चिकणमातीत शिरत नाही, भेगांमधून पसरते. तेव्हा हे काम करायचंच, तर भेगा पूर्ण उघडलेल्या असतात त्या एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यानंतर केलेलं चुन्याचं काम म्हणजे भोकात चुना भरून वर झाकण लावणं. फरशीखालची माती बदलायला मुरूम मिळत नसेल, तर उपसलेली माती चुन्यात कालवून परत भरणं मात्र व्यवहार्य आहे.

यापुढे खरी पायादुरुस्ती सुरू होते. सर्वांत जुनी रीत खड्ड्यांची. भिंतीच्या लांबीवर एकेक मीटरचे भाग आखायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि एकमेकांशेजारचे दोन भाग एका वेळी कधीच उघडायचे नाहीत. पहिला, चौथा, सातवा असं खणत जायचं. जुन्या पायाच्या खाली, मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. तळ साफ करून काँक्रीट ओतायचं, पण जुन्या पायाच्या बुडाला ७५ मिलिमीटरची फट ठेवायची. काँक्रीट आकसून बसलं की दुसऱ्या दिवशी जेमतेम ओलसर सिमेंट-वाळू त्या फटीत लाकडाच्या ठोकळ्याने हातोडीने ठोकून घट्ट बसवायची. या ठोकण्यावरच सगळं अवलंबून असतं. ओलं काँक्रीट थेट वरपर्यंत ओतलं तर सुकताना ते दोन-चार मिलिमीटर खाली बसतं, जुना पाया अधांतरी राहतो आणि पैसे देऊन नवी भेग विकत घेतल्यासारखं होतं.

जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात मुरूम तीन-चार फुटांवर लागतो. तिथे या पद्धतीला तोड नाही. यंत्र नको, गावातले गवंडी आणि मजूर पुरतात. गोदावरीकाठच्या पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा भागात मात्र काळ्या मातीचा थर कितीतरी खोल जातो. तिथे पंधरा-वीस फूट अरुंद खड्ड्यात माणूस उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. काळ्या मातीची उभी कड कोरडी असताना कणखर दिसते आणि एका सरीने ढासळते. दुसरा धोका अर्धवट कामाचा. पैसे संपले म्हणून फक्त पुढची भिंत मुरुमावर टेकवली, मागची तशीच ठेवली, तर अर्धं घर स्थिर आणि अर्धं हलतं. पूर्वी सगळं घर मिळून हलत होतं, आता मध्यावर मोडतं.

खोल काळ्या मातीसाठी भारताने स्वतःचा उपाय काढला, तो बुडाशी फुगीर गाठ असलेल्या खांबांचा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून त्यावर काम केलं आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तो आला. हाताने फिरवायच्या गिरमिटाने साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडायचं, मग उघडणाऱ्या पात्यांच्या अवजाराने तळाशी खांबाच्या अडीच पट व्यासाची पोकळी कोरायची, सळया घालून काँक्रीट भरायचं. गाठीचं काम दुहेरी. ती भार पसरवते आणि वरची माती फुगून खांबाला धरून वर ओढू लागली, की नांगराप्रमाणे त्याला खाली रोखते. म्हणूनच गाठ चंचल थराच्या खाली हवी आणि सळया पूर्ण लांबीच्या. खांबांवरचा प्लिंथ बीम जमिनीला टेकता कामा नये. खाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, मातीला फुगायला वाव म्हणून. साइटवर हीच जागा हमखास मातीने किंवा विटांच्या तुकड्यांनी भरलेली सापडते आणि एवढ्या मेहनतीचे खांब निरुपयोगी होतात.

नव्या घराला हा उपाय सरळ लागू पडतो. उभ्या घराला तो लावायचा तर भिंतीच्या आत-बाहेर जोडीने खांब घ्यायचे, भिंतीला भोक पाडून आडवी तुळई सरकवायची आणि भार तिच्यावर घ्यायचा. आतल्या खोल्या महिनाभर सोडाव्या लागतात. जागा अडचणीची असेल तर सूक्ष्म खांब. फर्नांदो लिझ्झी या इटालियन अभियंत्याने १९५२ च्या सुमारास महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या जुन्या इमारतींसाठी हे बारीक, ३०० मिलिमीटरच्या आतले, ग्राउट भरलेले खांब आणले. छोटं यंत्र दारातून आत जातं, तिरकं भोकही पाडतं, खडकातही शिरतं. मराठवाड्यात गल्लोगल्ली बोअरच्या गाड्या आहेत, तेव्हा त्याच लावून काम उरकावं असा मोह होतो. बोअरची गाडी घराच्या आत जात नाही आणि तिच्या दाबाच्या हवेने पायालगतची माती उसवते, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

परदेशी माहितीपटांत दिसणारे दोन प्रकार इथे तपासून घ्यायला हवेत. स्क्रूचे लोखंडी खांब हे तंत्र नवं नाही. आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेलने १८३० च्या दशकात ते दीपगृहांसाठी काढलं आणि बॉम्बे बडोदा रेल्वेने पुलांसाठी भारतात वापरलं. फिरवायला किती जोर लागतो यावरून किती भार पेलेल याचा अंदाज लागतो, हा त्याचा मोठा फायदा. घरदुरुस्तीसाठी ते करणारे ठेकेदार आपल्याकडे विरळ. दुसरा प्रकार घराच्याच वजनावर जॅक टेकवून लोखंडी नळ्या जमिनीत दाबत नेण्याचा. जड इमारतीला तो छान. बैठ्या घराचं वजनच इतकं कमी, की नळी खाली जायच्या आधी भिंत वर उचलली जाते.

फोमचं इंजेक्शन सगळ्यात झटपट. बोटाएवढ्या भोकांतून द्रव रसायन सोडायचं, ते काही सेकंदांत फुगून घट्ट होतं आणि बसलेली फरशी डोळ्यांदेखत वर येते. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात हे रूढ झालं. पोकळी भरायला, गळक्या पाइपने धुतलेला भराव सावरायला उत्तम. पण काळी माती सुकली होती म्हणून बसलेला कोपरा मे महिन्यात फोमने समपातळीत आणला, तर ऑगस्टमध्ये माती आपली आपण वर येते आणि तो कोपरा आता इतरांहून उंच होतो. दोष फोमचा नाही, महिन्याचा आहे.

हरियाणातले ठेकेदार शेकडो जॅक लावून अख्खं घर चार फूट उचलतात आणि महाराष्ट्रातही त्यांची कामं होतात. रस्ता उंच झाला, घरात पाणी शिरतं, यावर तो तोडगा खरा आहे. पाया मात्र त्याच मातीत, त्याच खोलीवर राहतो.

घुग्घुसचा दाखला वेगळ्या कारणासाठी द्यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या कोळसानगरीत ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर काही क्षणांत जमिनीत गडप झालं. खाली जुनी खाण होती. तिथे कोणतीही पायादुरुस्ती चालत नाही, माणसं हलवावी लागतात. परभणीत तसं काही नाही. काळ्या मातीतलं घर माणसाला बहुधा सवड देतं, भेगा वाढत असल्या तरी महिन्यांच्या हिशोबाने. ती सवड मोजमापासाठी वापरायची.

पैशाचा विषय शेवटी येतो, पण निर्णय तिथेच होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी. त्यात गाठीचे खांब बसत नाहीत. अशा घराला उतरती फरसबंदी, लांब नेलेलं पाणी, जोत्यात मुरूम आणि जोते, सिल व लिंटल पातळीला सलग काँक्रीटचे पट्टे एवढंच परवडतं. ते नीट केलं तर बहुतेक भेगा केसाएवढ्या राहतात. विम्याचा आधार जवळपास नाही. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत जमीन खचण्याला संरक्षण आहे, मात्र नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा व त्याचं बसणं, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल आणि सदोष आराखडा किंवा कारागिरी यांतून झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे.

म्हणून ज्याला मोठं काम करायचंच आहे, त्याने ठेकेदाराबरोबरच्या करारात तीन गोष्टी घालाव्यात. काम सुरू होण्याआधीचा नळीने घेतलेला पातळ्यांचा नकाशा, दोघांच्या सहीने. खड्डा किंवा खांब कोणत्या थरात टेकला याची नोंद, प्रत्येक जागी काढलेल्या मातीच्या नमुन्यासह. आणि रकमेचा शेवटचा हप्ता एक पूर्ण उन्हाळा व एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर, पुन्हा नळी लावून घेतलेल्या पातळ्या पहिल्या नकाशाशी जुळल्या तरच. भेगांत सिमेंट भरून, सळयांचे टाके घालून रंग द्यायचा तो त्यानंतर.